मामानं पुसलेली खरी गोष्ट

“पाया पडली का मी तुमच्या? पडली ना? मंग आता कान उघडा!” मामी ओरडत होती. “त्या तुमच्या डब्ब्यात माह्या लग्नाची खरी गोष्ट हाय का नाही, तेवढं सांगा भाचेबुवा! हो का नाही! मले तुमच्या कंपनीच्या भाषेत सांगू नोका!”

मी अमरावतीहून येऊन अकोल्याच्या त्या घरात जेमतेम एक पाय आत टाकला होता. दुसरा अजून पायरीवरच होता, आणि मामी त्या आत आलेल्या पायाला हात लावून उठली होती. आमच्या वऱ्हाडात मामा-मामी भाच्याच्या पाया पडतात. भाचा टकला झाला तरी पडतात. पण माझ्या मामीची रीत अशी, की मान द्यायचा तो एकदाच वाकून देऊन टाकायचा. सरळ उभं राहिल्यावर द्यायला फक्त तोंड उरतं. एरवी ती मला ‘तू’ म्हणते. ‘तुमी’ म्हणाली की वारं सुटलं समजायचं. ‘भाचेबुवा’ म्हणाली की शेजारची बाई वाळत घातलेले कपडे आत घेते आणि गल्लीतली कुत्री रेल्वे स्टेशनाकडे चालू लागतात. मी वाढवून सांगतोय असं वाटेल कुणाला. मी खोटं बोलत नाही, खऱ्याला जरा खत घालतो एवढंच. आणि हे खत मी ज्याच्याकडून आणलं, तो माणूस त्या वेळी समोरच्या दिवाणावर बसून झेंडूच्या फुलात सुई घालत होता आणि आमच्या दोघांकडे बघून नुसता हसत होता.

ते नुसतं हसणंच मामीला सोसत नव्हतं.

माझा मामा झेंडू, शेवंती, वांगी आणि सांबार पिकवतो. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्यांना आमच्या बाजारात सांबार मागितला की जुडी मिळते आणि ते इडली शोधत बसतात. पण मामाचं खरं पीक तोंडात होतं. एका मे महिन्यात म्हणे अकोल्यात असं ऊन पडलं, की मामाची सावली घराबाहेर निघेना. “तू जाऊन ये बाजारातून, मी इथंच माठापाशी बसते,” म्हणाली. मामा बिनसावलीचा गेला, तर गिऱ्हाइकांनी त्याला ओळखलंच नाही. एका पावसाळ्यात त्याच्या वेलीवरचा दोडका असा लांबला, की त्याचं टोक मूर्तिजापूरला नातेवाइकांकडे राहून आलं, आणि परत आलं तेव्हा जाडजूड होऊन आलं, कारण तिकडे पाहुणचार चांगला झाला. हे तो अशा आवाजात सांगायचा की भिंतीवरची पाल थांबून ऐकायची. ऐकणाऱ्यानं “काय सांगता?” म्हणायचा अवकाश, मामा म्हणायचा, “खोटं वाटते? मंग इचार मूर्तिजापूरवाल्याले!” मूर्तिजापूरला कोण जातंय विचारायला.

कुठलीच गोष्ट त्यानं कधी दोनदा सारखी सांगितली नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा, सगळ्यात जास्त प्रकारांनी त्यानं सांगितली ती त्याच्या लग्नाची गोष्ट. म्हणजे तो परतवाड्याला मुलगी पाहायला गेला त्या दिवसाची.

कधी तो मेळघाटातल्या वाघाबरोबर एकाच जीपमध्ये बसून गेला, वाघ खिडकीपाशी, मामा मधे. कधी सापन नदीला पूर होता आणि तो मगरीला शेपटीनं धरून पार झाला, सापनेत मगर कुठली, असं विचारलं तर म्हणायचा, “थे बी पाहुनीच आलती.” कधी मामीची वेणी इतकी लांब होती की विहिरीला दोर लागत नव्हता. लोक हसून लोळायचे. मामी पदरात तोंड घालून म्हणायची, “झालं याचं सुरू!” आणि आत जायची. पण दाराशी थांबायची. मी लहानपणापासून बघत आलोय, ती दाराशी थांबायची. वाघ उतरला, मगर गेली, वेणी गुंडाळून झाली, की आता तरी हा माणूस ते सांगेल म्हणून.

‘ते’ म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. परतवाड्याच्या त्या घरात दोन मुली होत्या. मामा पाहायला गेला होता मोठीला, आणि लग्न झालं लहानीशी, म्हणजे मामीशी. मधे काय झालं, हे मामीला कुणी धड सांगितलं नाही. त्या काळी मुलींना सांगायची पद्धतही नव्हती. पण मोठी बहीण गप्प बसणारी नव्हती. बारसं असो, वास्तू असो, तेरवी असो, ती मामीच्या शेजारी पान मांडून बसायची आणि चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणायची, “म्या नाही म्हनलं म्हनून हिच्या वाट्याले आला. वापस केलेला माल हाय थो माहा.” बायका हसायच्या. मामीही हसायची. मग घरी येऊन भांडी अशी घासायची की कल्हई उडावी.

“सांगा ना एकदा,” ती मामाला म्हणायची. “तिनं नाही म्हनलं का तुमी?”

“सांगतो ना,” मामा म्हणायचा. “तर झालं असं, मी जीपमंदी बसलो, अन् बाजूले पाह्यतो तं वाघ...”

आता डब्याकडे येतो. अमरावतीजवळ नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या कारखान्यात मी नोकरीला आहे. शर्टाच्या कापडावरच्या चौकड्या, रेघा, बुट्ट्या हे सगळं आता कॉम्प्युटरवर काढतात, आणि ती सगळी चित्रं ज्या मोठ्या डिस्कच्या पेट्यांमध्ये ठेवलेली असतात त्या सांभाळणं हे माझं काम. लोक विचारतात, काय करता? मी म्हणतो, अख्ख्या वऱ्हाडाच्या अंगावरचे चौकडे माझ्या किल्लीत आहेत. तर एकदा नवीन पेटी आली आणि जुनी भंगारात निघाली. साहेब म्हणाले, नेत असशील तर ने. मी ती एसटीत सीटवर बसवून अकोल्याला नेली. कंडक्टरनं विचारलं, “याले अर्धं का पुरं?” मी म्हटलं, “याच्या पोटात हजार शर्टं हायेत, बरातीचा पास काढा.” मामाच्या पुढच्या खोलीत ती पहिल्यांदा सुरू केली तेव्हा तिचे पंखे असे घोंघावले, की शेजारची बाई दळण घेऊन आली. मामा चार पावलं मागं सरला आणि म्हणाला, “भाच्या, हे उडन का?”

माझ्या डोक्यात एवढंच होतं, की मामाच्या गप्पा कुठेतरी राहाव्यात. एक कॉम्प्युटर, एक माइक, आणि पडद्यावर एकच लाल बटण. दाबलं की मामा बोलणार आणि आवाज थेट डब्यात जाणार. पण मामानं पहिल्याच दिवशी अट घातली. फाइल एकच राहील. नवी गोष्ट सांगायची ती जुनीवरच.

“मामा, जागा लय हाय यात. सगळ्या ठेवू.”

“काल्चा सांबार आज इकतो का मी?” मामा म्हणाला. “शिळा माल ठिवनारा मानूस हाय का मी? गोष्ट ताजी पाह्यजे. जुनी पुसाची.”

त्यामुळे तो रोज सकाळी मळ्यातून आला की बटण दाबायचा, पडद्यावर ‘आधीची पुसायची का?’ असा प्रश्न यायचा, आणि मामा नुसतं दाबायचा नाही, मोठ्यानं ओरडायचा, “पुस!” त्या ‘पुस’मध्ये त्याला गोष्टीपेक्षा जास्त मजा यायची.

मी मान डोलावली आणि गुपचूप त्या डब्यात रोज दुपारी एक स्नॅपशॉट घेण्याची व्यवस्था करून टाकली. दुपारी एवढ्यासाठी, की ती मामाची जेवायची वेळ. भूकंप झाला तरी त्या वेळी मामा ताटावर असतो. बोलत नसतो, चावत असतो.

स्नॅपशॉट म्हटलं की लोकांना वाटतं नक्कल. नक्कल नाही ती. नक्कल करायची तर दुप्पट जागा लागेल, आणि वेळ लागेल तो वेगळाच. मी हे कारखान्यात नव्या पोरांना मामाच्याच मळ्यानं समजावतो. समजा दसऱ्याच्या दिवशी मळ्यात पुष्कळ वाफे आहेत. स्नॅपशॉट घ्यायचा म्हणजे बांधावर उभं राहून फक्त टिपून घ्यायचं, या वाफ्यात वांगी, त्यात शेवंती, पलीकडे सांबार. एक काडीही उपटायची नाही. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात काम होतं. कष्ट सुरू होतात ते नंतर. उद्या कुणी शेवंतीच्या वाफ्यात झेंडू लावायला आला, की नियम असा, आधी शेवंती मातीसकट उचलायची, कोपऱ्यातल्या मोकळ्या तुकड्यात नेऊन ठेवायची, टिपणावर लिहायचं ‘शेवंती आता कोपऱ्यात’, आणि मगच झेंडू लावायचा. मळा दिसायला आजचा. पण ते जुनं टिपण हातात घेऊन फिरलात तर न बदललेले वाफे जागच्या जागी सापडतात, बदललेले कोपऱ्यात सापडतात, आणि दसऱ्याच्या दिवशीचा अख्खा मळा फुलासकट तुमच्यापुढे उभा राहतो. मामा वरून कितीही “पुस” ओरडला तरी खाली डबा निमूटपणे जुनं उचलून कोपऱ्यात ठेवत होता. मामीसारखाच. मामीनंही त्याची एकेक गोष्ट अशीच उचलून ठेवली असणार, फक्त तिच्या कोपऱ्याला बटण नव्हतं.

या कोपऱ्याच्या दोन खोडी आहेत. तो भरला, किंवा टिपणांची ठरलेली संख्या पुरी झाली, की सगळ्यात जुनं बाहेर फेकलं जातं. आणि मळाच पुरात गेला तर नुसत्या कोपऱ्यातून मळा उभा राहत नाही. म्हणून स्नॅपशॉट असला तरी वेगळी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी असं आमच्या धंद्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. पण एका गप्पिष्टाच्या गोष्टींची वेगळी प्रत कोण ठेवतो? तो तर जिवंत होता, आणि रोज बोलत होता.

मग त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं.

वाचला, धडधाकट आहे, सकाळी मळ्यात जातो, जेवतो. डॉक्टर म्हणाले बोलायला हरकत नाही, हळू बोला. पण आवाज राहिला तो सायकलच्या चाकातून हवा जाते तेवढा. मामा मीठ मागतो, पंखा लावायला सांगतो, बाजारात भाव सांगतो. गोष्ट सांगत नाही. ज्या घरात पाहुण्याला तोंड उघडायला फट मिळत नव्हती तिथं आता भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. डब्याच्या आवाजाचा त्रास नको म्हणून डबाही बंद करून ठेवला होता. मी दर रविवारी अकोल्याची बस धरायचो. कारखान्यात मामाच्याच गोष्टी मी माझ्या म्हणून खपवतो; लोक हसतात, चहा पाजतात; पण सांगणाऱ्यालाही कधीतरी ऐकावंसं वाटतं. कुणीतरी माझ्यासमोर बसून, डोळ्यात डोळे घालून, छातीवर हात मारून सणसणीत खोटं बोलावं, एवढंच मला हवं असायचं. मी जायचो, मामा हसायचा, हार गुंफायचा. मी परत यायचो.

आणि त्या रविवारी मामीनं मला दारातच गाठलं. कारण आदल्या दिवशी कुठल्याशा साखरपुड्यात मोठी पुन्हा भेटली होती, आणि ‘वापस केलेला माल’ आता मुका झाला, असं काहीतरी बोलली होती.

“दवाखान्यात न्याच्या दिवशी थैली भरून राहिलती मी,” मामी सांगू लागली. आवाज आता जरा खाली आला होता, म्हणजे फक्त आमच्या गल्लीपुरता. “तवा हे मानूस मले म्हनते कसं, तू महालक्ष्म्यांले परतवाड्याले गेलती ना, तवा म्या आपली गोष्ट खरी सांगतली. त्या डब्ब्याले. म्या म्हनलं, मले काहून नाही सांगतली? तं म्हने, तू घरी नव्हती ना!”

मामानं मान हलवली. बरोबर आहे, असं.

“अन् मंग?” मी विचारलं.

“मंग काय! दुसऱ्या दिवशी सकाळी वाघाची सांगतली त्याच्यावर. पुसली! माही जिंदगीभराची गोष्ट, अन् वाघ बसवला तिच्यावर!”

मी मामाकडे पाहिलं. त्यानं हात असे उडवले, की ताजा माल, भाच्या, नियम म्हणजे नियम.

“मामी,” मी म्हटलं, “पुसली तरी पुसली नसन. डब्ब्याले इचारावं लागन.”

मग तिला मी थोडक्यात ते कोपऱ्याचं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हंजे तुले सगळा डब्बा त्या महालक्ष्म्यांच्या दिवसावर मांगं नेता येते?”

“येते. अख्खाच मांगं फिरवता येते.”

“मंग त्यातच यालेबी बसव,” तिनं मामाकडे बोट दाखवलं. “येईन वापस बोलत.”

तिघंही हसलो. मामाचं हसणं ऐकू आलं नाही, खांदे तेवढे हलले.

मी डब्याचं बटण दाबलं. पंखे घोंघावले. एवढे दिवस बंद होता हे चांगलंच झालं होतं; चालू राहिला असता तर रोज नवं टिपण घेत राहिला असता आणि जुनी एकेक करून बाहेर गेली असती. पडद्यावर तारखा उघडल्या, रांगेनं, जशा वाफ्याच्या सऱ्या. एकेका तारखेत एकच फाइल. मामी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, कधी होत्या ते कॅलेंडर न बघता पाठ होतं. “हे. हे पाह्य. या दिवशी मी मोठीच्या घरी आंबिलीच्या पातेल्यापाशी होती अन् ती बायकांले माल वापस केल्याचं सांगून राहिलती.”

ती तारीख होती. रांगेत सगळ्यात जुन्यांपैकी होती, पण होती.

मी माउस तिथं नेला तर मामीनं माझं मनगट धरलं.

“आधी दुसरी लाव एखादी.”

“काहून?”

“लाव म्हनलं ना.”

मी मगरीची लावली. आणि खोलीत मामा सुरू झाला. तो जुना, धबधब्यासारखा, छपराचे पत्रे वाजवणारा आवाज. “तं पानी असं चढलं भाऊ, का पुलावरचा मानूस म्हने मी खाली जातो, पुलाले वर येऊ द्या!” मामी दिवाणाच्या कडेवर बसली. मामाची सुई फुलात अर्धी जाऊन थांबली. त्याचे ओठ हलत होते, पुढचं वाक्य यायच्या आधीच. मगर आली, मगर म्हणाली मी पाहुणी आहे, मला शेपटीला धरू नका, गुदगुल्या होतात. मी ती गोष्ट पूर्वी ऐकली होती, पण तेव्हाची मगर बोलणारी नव्हती. मामी हसली. डोळे पुसले. “गुदगुल्या म्हने!” आणि पुन्हा पुसले.

दारात शेजारची बाई उभी होती, हातात ओले कपडे. तिचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. “भाऊ बोलाले लागले का वं?”

“नाही वं,” मामी म्हणाली. “पुरान्या हायेत.”

ती बाई गेली नाही. तिथंच उंबऱ्याशी उभी राहून उरलेली गोष्ट ऐकली, आणि मग कपडे वाळत घालायला गेली. ती गेल्यावर मामीनं मला खुणेनं सांगितलं, आता लाव.

मी महालक्ष्म्यांच्या दिवसाची फाइल उघडली. उघडेना. पडद्यावर आलं, फाइल खराब आहे.

मामीचा चेहरा बघून मी घाईनं म्हटलं, “खराब नाही. अर्धी हाय.” आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं काय झालं असणार ते. त्या दिवशी मामी घरी नव्हती. ताट झाकून ठेवलेलं होतं, वाढायला कुणी नव्हतं. मामा जेवायला बसलाच नाही. तो माइकपुढे बसला होता. आणि नेमका त्याच वेळी, तो बोलत असतानाच, डब्यानं टिपण घेतलं. स्नॅपशॉटला ‘थांबा, माणूस बोलतोय’ हे कळत नाही. पेरणाऱ्याचा हात वाफ्यावर असताना टिपलं, तर बी पडलेलं तेवढं टिपलं जातं, मुठीतलं नाही. पूर्ण झालेल्या फाइलच्या डोक्यावर तिची लांबी लिहिलेली असते. ही अजून चालू होती म्हणून ती लिहिलीच गेली नव्हती, आणि म्हणून कॉम्प्युटर तिला फाइल मानायला तयार नव्हता. मी जेवढं होतं तेवढं मोजायला लावून ते डोकं लिहून दिलं.

मग आवाज आला, आणि आधी मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा आहे. हळू होता. आजच्यासारखा हवा निघाल्यासारखा नव्हे. तेव्हा घसा चांगला होता. पण हळू.

“गोष्ट अशी हाय,” मामा सांगत होता. “मी मोठीले पाहाले गेलतो. बापासंग. यष्टीत जागा नाही भेटली, उभ्यानंच गेलो. मोठीनं पोहे आनले. मोठी चांगली होती, नाव ठेवाले जागा नाही. पन मी जिथं बसलतो तिथं समोर खिडकी होती. खिडकीतून मांगचं आंगन दिसे. आंगनात कुरड्या वाळत घातलत्या, अन् एक पोट्टी खराटा घेऊन वानराशी भांडून राहिलती. त्यानं एक कुरडई उचलली. तं हे त्याले म्हने, ठेव खाली! तुह्या बापाची हाय का! वानर ठेवे ना. दोघंबी एकामेकाकडं पाहून राहिले. मंग हिनंच दुसरी उचलली, मोडली, अर्धी त्याच्यासमोर ठिवली अन् म्हने, घे. पन मांगून घेत जाय.”

मागे कुठेतरी बाजारातली गाडी गेल्याचा आवाज.

“मले हसू आलं. पोहे नाकात गेले. बाप म्हने काय झालं, म्या म्हनलं मिरची लागली. तिनं मले पाह्यलं नाही. तिले मालूमच नाही, कोनी पाह्यलं म्हनून. मंग निघालो. स्टँडवर बाप म्हने, बोल, काय सांगू त्याहिले? तं म्या...”

तिथं संपलं. फट् नाही, खट् नाही. वाक्याच्या मधे भिंत.

डब्याचे पंखे घोंघावत होते.

“थ्या वानरानं अर्धी नाही नेली,” मामी म्हणाली. “दोन्ही नेल्या. मेलं लय चालू होतं.” मग माझ्याकडे वळली. “समोरचं लाव.”

“समोर नाही, मामी.”

“नाही म्हंजे?”

“दुपारी टिपलं तेवढंच हाय. त्याच्यानंतर मामा बोलला असन, पुरी सांगतली असन, ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत, रात्रभर डब्ब्यात होतं बी. पन दुसऱ्या दिवशीचं टिपण दुपारी व्हाचं होतं, अन् सकाळीच वाघ आला. दोन टिपणांच्या मधात जे आलं अन् मधातच गेलं, थे कोपऱ्यात कधी गेलंच नाही. म्हंजे डब्ब्याच्या लेखी थे झालंच नाही.”

मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी पळून तरी गेलो असतो. ती नुसती त्या पडद्याकडे बघत होती, जिथं आवाजाची रेघ कड्यावरून पडल्यासारखी तुटली होती. त्या तुटलेल्या जागेपलीकडे तिचं अख्खं लग्न होतं. स्टँडवर एक म्हातारा विचारतोय, काय सांगू? मोठीनं नाही म्हटलं म्हणून तो परत आला, की त्यानं कुणाला तरी हो म्हटलं? बारशात, वास्तूत, तेरवीत जे पानाशेजारी बसून ऐकलं, त्याला उत्तर त्या पुढच्या चार शब्दांत होतं, आणि तेवढेच चार शब्द डब्यानं सोडले होते.

तिनं वळून मामाकडे पाहिलं. “तुमी” नाही म्हणाली, भांडणाचा सूर नव्हता. लाडात असली की म्हणते तसं म्हणाली.

“काय म्हनलं रे तू बापाले?”

मी खरं सांगतो, त्या क्षणी मला वाघ हवा होता. मगर, पूर, विहिरीतली वेणी, काहीही. मामानं सुई खाली ठेवली, फुलं मांडीवरून बाजूला सारली, पाण्याचा एक घोट घेतला, घसा खाकरला. माझ्या आत काहीतरी सावरून बसलं, लहानपणी बसायचो तसं. आता सुटतो मेळघाट, आता जीप निघते.

“लहानी म्हनलं,” मामा म्हणाला. “मंग बस आली.”